नळाचा चिमटा

पहिला चिमटा मला बसला तो अकरा डिसेंबरला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगते म्हणून हसू नका. डोंगरातल्या नारिन गावाच्या हवामान केंद्रावर मी सतरा वर्षं निरीक्षक आहे. दर तीन तासांनी तापमान, वारा, दाब, ढग, बर्फाची जाडी लिहायची आणि पुढे कळवायची. ही सवय एकदा हाडात मुरली की माणूस शिंकला तरी घड्याळाकडे बघतो.

मी बटाटे धूत होते. डावा हात सिंकच्या लोखंडी कडेवर होता आणि उजव्या हातानं नळ बंद करायला गेले, तर बोटांना कुणीतरी चिमटा काढला. मुंगी चावते ना, तसा. हात झटकला, पुन्हा लावला, तर पुन्हा तेच. मग फक्त नळाला हात लावून पाहिला, सिंकला न टेकता. काही नाही. दोन्हीकडे लावला की चिमटा! भीती अशी वाटलीच नाही. उलट मजाच वाटली. मी बटाटे तसेच टाकून दहा मिनिटं नळाशी खेळत बसले. घरात मी एकटीच, त्यामुळे हा वेडेपणा बघायलाही कुणी नव्हतं.

संध्याकाळी चिमटा गायब. दुसऱ्या दिवशीही नाही. पाच दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा दुपारी.

माझ्या खालच्या मजल्यावर ओस्मोन बायके राहतात. बायके म्हणजे आमच्याकडे थोरल्या माणसाला मानानं म्हणतात ते. तीस वर्षं डोंगराच्या घाटातून बस चालवली त्यांनी. आता बस नाही, पण प्रवाशांशी बोलायची सवय तशीच आहे. जिन्यात जो भेटेल तो त्यांचा प्रवासी. मी त्यांना विचारलं, "बायके, तुमचा नळ चिमटतो का हो?"

"चिमटतो? अगं ज्यपार, गेल्या आठवड्यात आंघोळ करताना असा चिमटला की मला वाटलं माझी बायको परत आली!"

बायकेंची बायको चार वर्षांपूर्वी वारली आहे आणि तिच्यावरचे विनोद ते स्वतःच करतात, दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

"मग काय असेल हे?"

"वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं," ते बोट वर करून म्हणाले. "त्यांनी कपडे धुवायचं यंत्र घेतलंय. माणसानं कपडे हातानं धुवावेत, नाहीतर असं होतं."

वरच्या जोडप्याला विचारलं तर त्यांनाही चिमटे बसत होते. ते म्हणाले, ऑक्टोबरमध्ये तळघरातला गंजलेला पाइप काढून प्लास्टिकचा घातला, तेव्हापासून सगळं बिघडलंय. प्लास्टिक वाईटच. मी म्हटलं, प्लास्टिकमधून वीज कशी येईल? ते म्हणाले, येत नसेल, पण वाईटच.

तेव्हा मी वही काढली.

डाव्या बाजूला तारीख आणि वेळ, उजवीकडे चिमट्याचा जोर. वाऱ्याला असतात तशा चिमट्याला मी शून्य ते पाच अशा पायऱ्या लावल्या. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे मुंगी. दोन म्हणजे गांधीलमाशी नव्हे, पण मोठी मुंगी. तीन म्हणजे हात आपोआप मागे येतो. चार आणि पाच लिहायची वेळ येऊ नये. सुट्टीच्या दिवशी मी दर तासाला नळाला हात लावायची. कामावरून आल्यावर कोट काढायच्या आधी नळ! वहीचा महिना भरत आला तेव्हा मला एक गोष्ट दिसली. चिमटा कडाक्याच्या थंडीच्या आदल्या दिवशी येत होता. दाब चढायला लागला, आभाळ निवळलं, आता पारा उणे पंचवीसच्या खाली जाणार असं दिसलं की त्या दिवशी दुपारी नळ चिमटायचा. नऊपैकी सात वेळा! आमच्या केंद्रावरचं जुनं दाबमापक इतकं खरं बोलत नाही.

हे मी प्रथम सांगितलं ते तळमजल्यावरच्या ब्यूब्यूसायरा अपाला. सगळ्या इमारतीची ती अपा, म्हणजे आईच. गावात तिच्या हाताच्या बोझोला तोड नाही. वरीचं पीठ तासन्तास शिजवायचं, त्यात मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं पीठ घालायचं, आंबवायचं, फडक्यातून गाळायचं. हिवाळ्यात वाडगाभर गरम बोझो पोटात गेला की पायाची बोटं पुन्हा आपली वाटायला लागतात. अपा दर खेपेला प्रत्येक घरात एकेक तांब्या पोचवायची आणि उरलेला बाजारात पाठवायची. त्या दिवशी माझा तांब्या घेऊन ती दोन जिने चढून वर आली, खुर्चीत बसली, गुडघे चोळले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "पोरी, परवा कशी आहे हवा?"

"थंडी वाढतेय, अपा. रविवारी उणे अठ्ठावीस."

"बरं झालं सांगितलंस. मग उद्याच चढवते."

मी तिच्यापुढे वही उघडली. माझा शोध ऐकवला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या नवऱ्याचा गुडघासुद्धा असाच थंडी ओळखायचा. पण नळानं ओळखलेली कधी ऐकली नाही."

"तुमचा नळ चिमटत नाही?"

"छे गं! मला कधी नाही चिमटला. मी कुणाचं वाईट केलं नाही ना आयुष्यात."

दोघी हसलो.

पण दोन दिवस मला छळत होते. सव्वीस डिसेंबर आणि आठ जानेवारी. दोन्ही दिवशी थंडीची चाहूल अगदी पक्की, आणि नळ गप्प. निरीक्षकाला बरोबर आलेल्या सात नोंदींपेक्षा चुकलेल्या दोन जास्त टोचतात. दरम्यान देखभाल कार्यालयातून एक माणूस तक्रार पाहायला आला. नेमका ज्या दिवशी काहीच नव्हतं, त्या दिवशी! त्यानं हातमोजा न काढता नळाला हात लावला आणि म्हणाला, "बाई, पाण्यात पाणी असतं, वीज नसते." गेला.

एकोणीस जानेवारीच्या दुपारी मी नळाला बोट लावलं आणि वहीत पहिल्यांदाच 'तीन' लिहिलं. मनात म्हटलं, वा! आज मोठी थंडी येणार. शाई वाळली नव्हती तोच खालून धप्प असा आवाज आला. पाठोपाठ काहीतरी फुटलं.

मी धावत खाली गेले. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग आतून कडी सरकली. ओस्मोन बायके टॉवेल गुंडाळून भिंतीला धरून उभे होते. चेहरा पिठासारखा पांढरा. कमरेवर आणि कोपरावर खरचटलेलं.

"सुटला नाही," ते म्हणाले.

"काय सुटला नाही?"

"हात. टबात उभा होतो, पाणी होतं घोट्यापर्यंत, नळ फिरवायला गेलो. हात मिटला तो उघडेचना. ओरडायचं होतं, पण छाती आवळून गेली. पाय घसरला आणि पडलो, तेव्हा पडताना सुटला." ते माझ्याकडे बघत राहिले. "पाय घसरला नसता तर, ज्यपार?"

इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा विनोदाशिवाय काही बोलले असतील. मी त्यांना पांघरूण दिलं, चहा केला. पाणी मात्र माझ्या घरातल्या भरून ठेवलेल्या बादलीतलं आणलं. आणि चहा ढवळताना मला माझीच लाज वाटायला लागली. मी 'तीन' लिहिलं होतं. हात आपोआप मागे येतो ही त्याची व्याख्या मीच केली होती. ते लिहून मी खूश झाले, पण जिन्यात जाऊन "आज नळाला हात लावू नका" एवढं बाकीच्या तीन घरांत सांगायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात केरेझ एजेकडे गेले. एजे म्हणजे थोरली बहीण. गावात तिला सगळे एजेच म्हणतात. पंपांच्या जळलेल्या विजेच्या मोटरींना नवी तार गुंडाळून देते. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, बोटांची टोकं तांब्याच्या तारांनी कायमची काळपट झालेली. मी सगळी हकिगत सांगून वही पुढे केली. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली.

"आणि थंडीचं?"

"थंडीचं खरं असेल. पण वीज काही थर्मामीटर बघत नाही, ज्यपार. थंडी बघून वागतो तो माणूस. तुमच्या इमारतीत कुणीतरी थंडी येणार म्हटलं की काहीतरी विजेवर चालू करतं. काय, ते शोध."

"सगळेच शेगड्या लावतात."

"शेगड्या थंडी आल्यावर लावतात. आदल्या दिवशी दुपारी कोण लावतं?" तिनं वही परत दिली. "पुढच्या वेळी चिमटा आला की फोन कर. आणि ऐक, आता बोट लावून बघायचं नाही. हा घे टेस्टर. याचा दिवा लागला की कळेल. तू काही मोजायचं यंत्र नाहीस."

पुढचा चिमटा बुधवारी आला. टेस्टरच्या आत नारिंगी दिवा लागला. इतके दिवस त्या दिव्याच्या जागी माझं बोट होतं. मी आधी तिन्ही घरांत जाऊन नळाला हात लावू नका असं बजावलं, मग केरेझ एजेला फोन केला. अर्ध्या तासात ती पिशवी घेऊन हजर झाली. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाशी तिनं तिची यंत्रं लावली, मला त्यावर नजर ठेवायला बसवलं आणि स्वतः वर गेली.

"बंद केला!" वरच्या मजल्यावरून आवाज आला. जोडप्यानं मेन स्विच पाडला होता.

"लागलेलाच आहे!" मी ओरडले.

मग माझा पाडला. दिवा लागलेलाच. मग ओस्मोन बायकेंचा. ते जिन्यात काठी टेकून उभे होते, म्हणाले, "बघा, मी निर्दोष सुटलो." दिवा तसाच.

केरेझ एजे खाली जायला निघाली तसे बायके म्हणाले, "अपाकडे कशाला? तिला तर कधी चिमटतच नाही."

एजे पायरीवर थांबली. "चार घरं, एकच पाइप. तिघांना चिमटतो, चौथीला नाही. मी पहिल्यांदा तिलाच भेटायला हवं होतं."

मीही उठून तिच्या मागोमाग खाली उतरले. अपानं दार उघडलं आणि बोझोचा आंबूस गोड वास आमच्या अंगावर आला. स्वयंपाकघर वाफेनं भरलेलं. मधोमध चाळीस लिटरचा दुधाचा कॅन, आणि त्यात वरीचं पीठ रटरटतंय. अपा लाकडी कालथ्यानं ढवळत होती. पायात लोकरीच्या नमद्याचे बूट, आणि बुटांवर चढवायचे रबरी गलोश. कॅनच्या बुडाजवळून, एका बाजूनं, दोन तारा बाहेर येऊन भिंतीतल्या प्लगकडे गेल्या होत्या. तिसरी तार कॅनच्या कानाला गुंडाळलेली होती आणि तिचं दुसरं टोक नळाच्या पाइपला पक्कं आवळलेलं होतं.

केरेझ एजे दारातच थबकली. "अपा, कालथा सोडा. कॅनला हात लावू नका. मागे या."

"अगं, खाली लागेल ना!"

"लागू दे. मागे या."

एजेनं अपाच्या घराचा मेन स्विच पाडला आणि मला वरती जाऊन दिवा बघायला सांगितलं. मी धावत गेले. नारिंगी दिवा विझला होता.

पुन्हा खाली येताना दुसऱ्या पायरीवर मला उमगलं आणि मी कठड्याला धरून उभीच राहिले. अपा मला हवा विचारायची. मी सांगायची, थंडी येतेय. अपा कॅन चढवायची, कारण थंडीत बोझोला मागणी. आणि नळ चिमटायचा. नळाला थंडी कळत नव्हती. मी सांगितलेली बातमी तळमजल्यावरून फिरून पाइपातून माझ्याच बोटांत परत येत होती.

मी खाली आले ते सांगायला, तर अपा स्टुलावर बसली होती आणि तिचे हात मांडीवर उलटे पडले होते. "म्हणजे ओस्मोनला मी पाडलं?"

 एजे म्हणाली, "कॅननं पाडलं. कसं ते बघू या का?"

"हा कॅन आमच्या असानालीनं बनवलाय," अपा म्हणाली. असानाली म्हणजे तिचा नवरा, सात वर्षांपूर्वी गेलेला. "अंगणात चुलीवर मोठ्या कढईत करायचे मी. पुढे गुडघे गेले, अंगणात गाड्या उभ्या राहायला लागल्या. तेव्हा त्यानं ही कॉइल बसवली. सुरुवातीला कॅन मलाच चिमटायचा. मग त्यानं ही तार पाइपला बांधली. तेव्हापासून कधी नाही. तो काही अडाणी नव्हता."

"नव्हता," केरेझ एजे म्हणाली. "आधी प्लग काढू. मेन पाडलेला असला तरी प्लग काढायचा. हात नेहमी त्यानंतर."

पीठ बादल्यांत काढून घेतलं. आम्ही तिघींनी मिळून कॅन आडवा केला. आत बोटभर जाडीची कॉइल, नागमोडी, आणि तिच्यावर खरवडीचा असा थर की दगडच. एजेनं लाकडी पट्टीनं तो हळूहळू सोलायला घेतला. मी टॉर्च धरला. अपा मान वळवून बसली होती. पण खरवड निघण्याचा आवाज आला की हळूच बघायची.

"पाण्यात कॉइल टिकते," एजे काम करता करता बोलत होती. "पाणी हलतं, उष्णता वाहून नेतं. पीठ हलत नाही. ते कॉइलला चिकटतं, करपतं, त्यावर दुसरं चिकटतं. आत कॉइल लाल होते, बाहेर तुम्हाला वाटतं शिजतंय छान. शेवटी... हे बघा."

शेवटच्या टोकाशी, जिथे कॉइल कॅनच्या भिंतीतून बाहेर पडते त्याच्या चार बोटं आत, केसाएवढी रेघ होती. रेघेच्या कडेला पांढरट भुकटी.

"आतल्या तारेभोवती ही भुकटी असते. ती वीज बाहेर येऊ देत नाही. पण तडा गेला की त्यात ओल शिरते. मग वीज पिठात, पिठातून कॅनला, कॅनमधून असानाली बायकेंच्या तारेनं पाइपला."

"आणि पाइपमधून जमिनीत," मी म्हटलं. "मग आम्हाला का बसावी?"

एजे माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. "चल तळघरात."

तळघरात ओल्या मातीचा आणि बटाट्यांचा वास. तिनं टॉर्च मारला. वरून आलेला लोखंडी पाइप छतातून हातभर खाली आला होता, आणि तिथून पुढे पांढराशुभ्र, नवाकोरा प्लास्टिकचा.

मला एकदम दिसलं. लोखंडी पाइप जमिनीत जात होता तेव्हा गळती मोठी असती तर फ्यूज उडाला असता, बारीक असती तर मुकाट जमिनीत गेली असती. ऑक्टोबरमध्ये तो पाय कापला. आता चार मजल्यांचा पाइप हवेत लोंबकळत होता, विजेनं भरलेला, कुणीतरी एक हात नळावर आणि दुसरा जमिनीपर्यंत जाणाऱ्या सिंकवर ठेवील याची वाट बघत. आणि अपा? तिच्या गलोशांमुळे ती जमिनीला लागतच नव्हती, आणि कॅन चालू असताना तिच्या एका हातात लाकडी कालथा असायचा, सिंकवर टेकायला हात मोकळाच नसे.

"वरचं जोडपं म्हणत होतं, प्लास्टिक वाईट," मी म्हटलं.

"प्लास्टिक बिचारं चांगलं आहे. ज्यानं घातलं त्यानं वर जाऊन विचारायला हवं होतं, या पाइपला कुणी काही बांधलंय का. आणि खरं तर बांधायलाच नको होतं. पाइप सगळ्यांचा असतो."

तिथंच, तळघरात, मी तिला माझ्या दोन तारखा विचारल्या. सव्वीस डिसेंबर, आठ जानेवारी. अपानं दोन्ही दिवशी कॅन चढवला होता, ते मी विचारून घेतलं होतं. मग नळ गप्प का?

केरेझ एजेनं जरा विचार केला. वर येऊन तिनं अपाचा प्लग हातात घेतला, दोन पिनांचा, आणि उलटा करून दाखवला. "असाही जातो, तसाही जातो. तडा एका टोकाशी आहे. त्या टोकाला फेज आली तर चिमटा. प्लग उलटा घातला की त्या टोकाला न्यूट्रल येतं, मग जवळपास काहीच नाही. दोन दिवस अपानं प्लग उलटा घातला असणार."

मी वही काढून दोन्ही तारखांसमोर लिहिलं. इतकं समाधान मला कुठल्याच अंदाजानं दिलेलं नाही.

अपाला मात्र समाधान नव्हतं. तिनं कॅन धुऊन पालथा घातला आणि दार लावून घेतलं. तीन आठवडे बोझो नाही. जिन्यात भेटली तर मान खाली. हवा विचारायला वर येईना. फेब्रुवारीत एकदा उणे एकतीस झालं आणि मी स्वतःच खाली जाऊन सांगितलं, तर दाराआडून म्हणाली, "मला काय करायचंय आता हवेशी?"

शेवटी ओस्मोन बायके काठी टेकत तिच्या दाराशी गेले. मी वरून ऐकत होते, कबूल करते.

"अपा, दार उघडा. माझी कंबर बोझोवाचून वाळत चाललीय."

"मी तुमचा जीव घेतला असता, ओस्मोन."

"घेतला असता. घेतला नाहीत. मी तीस वर्षं बस चालवली, दोनदा दरीच्या कडेला लोंबकळलो. म्हणून काय लोक माझ्या बसमध्ये बसायचे थांबले? ब्रेक दुरुस्त केला आणि निघालो. तुमचा ब्रेक दुरुस्त करा आणि निघा."

दार उघडलं.

दुरुस्ती कशी करायची ते केरेझ एजेनं सांगितलं आणि अपानं प्रत्येक गोष्टीवर वाद घातला. एक म्हणजे, कॉइल पिठात नाहीच घालायची. कॅनमध्ये पाणी, कॉइल कायम पाण्याखाली बुडालेली, आणि पीठ आतल्या दुसऱ्या पातेल्यात, पाण्याच्या उष्णतेवर. "असं लहान मुलाचं दूध तापवतात, बोझो नाही!" अपा म्हणाली. दुसरं, गळती पकडून क्षणात वीज तोडणारा स्विच, त्यावर अपा म्हणाली, "अर्ध्यात तुटली तर माझं पीठ?" एजे म्हणाली, "पीठ पुन्हा शिजतं."  तिसरं, पाइपची तार सोडायची आणि कॅनला स्वतःची जमीन, म्हणजे अर्थिंग, द्यायची.

पण बाहेर जमीन दीड हात गोठलेली; घण मारला तर ठिणग्या उडतात. तेव्हा तळघर आठवलं. तिथली माती हिवाळ्यातही मऊ असते. एका रविवारी सकाळी वरचं जोडपं, मी आणि केरेझ एजे तिथं उतरलो. दोन मीटरची लोखंडी सळी आळीपाळीनं घण घालून खाली नेली. बायके पायरीवर बसून "डावीकडे वाकतेय, उजवीकडे वाकतेय" असं सांगत राहिले, आणि दोन्ही वेळा चूक सांगितलं. अपानं सगळ्यांना बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणून वाढले. सळीपासून जाड तार तिच्या स्वयंपाकघरात आली, कॅनच्या कानाला चांगल्या बोल्टनं बसली. नवी कॉइल, नवा स्विच. असानालीची जुनी तार एजेनं गुंडाळून अपाच्या हातात दिली. अपानं ती कपाटात ठेवली.

मग एजेनं स्विचवरचं छोटं बटण दाखवलं. "महिन्यातून एकदा हे दाबायचं. खट्कन वीज गेली म्हणजे तो जागा आहे. गेली नाही तर मला बोलवायचं आणि कॅन चढवायचा नाही." अपानं दाबलं. खट्! ती दचकली, मग पुन्हा चालू करून पुन्हा दाबलं. पाचव्या वेळी एजेनं तिचा हात धरला. "अपा, तो झोपलेला नाही, कळलं ना?"

पाण्यावर शिजवलेला पहिला बोझो फिका झाला. सगळ्यांनी गोड मानून प्यायला, पण बायकेंनी सांगून टाकलं, "काहीतरी गेलंय यातलं." अपाला आधीच कळलं होतं. करपलेल्या खरवडीची चव गेली होती. पुढच्या खेपेला तिनं मूठभर वरीचं पीठ कोरड्या तव्यावर चांगलं तांबडं होईपर्यंत भाजलं आणि मग घातलं. आता मी खात्रीनं सांगते, आधीपेक्षा चांगला झाला.

मला वाटलं, गोष्ट इथं संपली. पण मार्चच्या सुरुवातीला अपा एक दिवस कोट घालून, डोक्याला शाल बांधून माझ्या दारात आली. हातात टेस्टर.

"चल माझ्याबरोबर."

"कुठं?"

"सोनुनब्यूब्यूकडे."

मी बघतच राहिले. नदीकाठच्या गल्लीतली सोनुनब्यूब्यू म्हणजे बोझोत अपाची जुनी स्पर्धक. एका लग्नात कुणाचा बोझो आधी संपला यावरून दोघी अकरा वर्षं बोलत नव्हत्या.

"तिच्याकडेसुद्धा कॅन आहे," अपा म्हणाली. "गावात आम्ही सात जणी आहोत अशा. सगळ्यांना नवऱ्यांनी नाहीतर दिरांनी बसवून दिलेल्या कॉइल. मी केरेझला विचारलं, ती म्हणाली, सगळ्या इमारतींत पाइप बदलतायत. मी तीन आठवडे घरात बसून फक्त माझंच दुःख केलं बघ. त्या सहा जणींचा विचार मला काल सुचला."

बर्फ वितळून गल्लीत चिखल झाला होता. अपा माझा हात धरून हळूहळू चालली. दारावर तिनं स्वतः थाप मारली. सोनुनब्यूब्यूनं दार उघडलं, ती अपापेक्षा बुटकी आणि रुंद, हात कोपरापर्यंत पिठात. मागून तोच आंबूस वास.



"रस्ता चुकलीस का?" सोनुनब्यूब्यू म्हणाली.

"नाही. तुझा कॅन चालू आहे का आत्ता?"

"तुला कशाला सांगू? पाककृती चोरायला आलीस?"

"तुझी पाककृती मी चोरली तर माझी गिऱ्हाइकं जातील," अपा म्हणाली. "सोनुन, प्लग काढ. मग मला आत घे, नाहीतर बाहेर उभी ठेव, तुझी मर्जी. पण आधी प्लग काढ."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे. सोनुनब्यूब्यूनं क्षणभर तिच्या तोंडाकडे बघितलं, मग वळली आणि आत गेली. भिंतीतून प्लग निघाल्याचा आवाज आम्हाला दारात ऐकू आला.

"आता या," ती आतून म्हणाली. "पायातलं बाहेर काढा, चिखल आणू नका."

त्या आठवड्यात आम्ही सहा घरं फिरलो. केरेझ एजेनं सहाही कॅन उघडले. दोन कॉइलींना तडे होते.